उकळत्या पाण्यातली गोधडी: आर्कियाचं पेशीपटल उष्णतेत कसं टिकतं

शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायची म्हणजे ती ऑटोक्लेव्हमध्ये घालायची आणि दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला निदान १५ मिनिटं ठेवायची. घरच्या प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आतलं तापमान जवळपास इतकंच असतं. एवढ्या उष्णतेत काहीच जिवंत राहत नाही, या हिशोबावर जगभरचे दवाखाने आणि प्रयोगशाळा चालतात.

२००३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या काझेम काशेफी आणि डेरेक लव्हली यांनी ईशान्य प्रशांत महासागराच्या तळाशी असलेल्या एका उष्ण झऱ्यातून मिळालेला सूक्ष्मजीव ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर ठेवला. तो मेला नाहीच, उलट २४ तासांत त्याची संख्या दुप्पट झाली. त्याला ‘स्ट्रेन १२१’ म्हणू लागले. १३० अंशांवर दोन तास ठेवल्यावर त्याची वाढ थांबली, पण तापमान उतरवल्यावर तो पुन्हा वाढायला लागला. पुढे २००८ मध्ये जपानी संशोधकांनी हिंदी महासागराच्या तळाशी असलेल्या ‘कैरेई’ या उष्ण झऱ्यांच्या क्षेत्रातला ‘मेथॅनोपायरस कँडलेराय’ हा जीव १२२ अंशांवर वाढवून दाखवला. उष्णतेचा विक्रम त्याच्या नावावर आहे.

हे दोन्ही जीव आर्किया या गटातले. ते टिकतात त्यामागे बरीच कारणं आहेत. इथे त्यातलं एकच कारण उलगडू: त्यांच्या पेशीभोवतीचं मेदाचं आवरण.

## आर्किया म्हणजे कोण?

दिसायला ते बॅक्टेरियासारखेच: एकपेशीय, सूक्ष्म, केंद्रक नसलेले. म्हणून कित्येक वर्षं त्यांची गणना बॅक्टेरियातच होत होती. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतल्या रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएची तुलना केली, तेव्हा हा सजीवांचा स्वतंत्र गट असल्याचं लक्षात आलं.

आर्किया फक्त समुद्राच्या तळाशी राहतात असं नाही. गोबरगॅसच्या टाकीत मिथेन वायू तयार करतात ते आर्कियाच. गाई-म्हशींच्या पोटातही ते असतात. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं श्रेय खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्कियांच्या रंगद्रव्याला दिलं होतं.

गोबरगॅसवाले, मिठातले, आम्लातले आणि उकळत्या पाण्यातले, राहणीत एकमेकांशी काहीच साम्य नसलेले हे जीव. पण सगळ्यांच्या पेशीपटलाचा मेद एकाच विलक्षण घडणीचा निघाला. मिठातल्या जीवांचा हा मेद मॉरिस केट्स आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकातच ओळखला होता. त्या वेळी तो खारटपणाशी जुळवून घेण्याचा एक प्रकार वाटला होता. वूज यांच्या कामानंतर कळलं की ही सगळ्या घराण्याचीच खूण आहे.

## पटल फाटतं की गळतं?

पेशीपटल बनतं लिपिडच्या रेणूंचं. लिपिड म्हणजे मेदाचा रेणू. त्याचं डोकं पाण्याला धरून राहतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात. असे असंख्य रेणू दोन थरांत उभे राहतात. डोकी दोन्ही बाजूंना पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींसमोर. या दुहेरी थराची जाडी जेमतेम चार-पाच नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढी.

हे पटल घट्ट भिंतीसारखं नसतं. ते दाट तेलासारखं प्रवाही असावं लागतं, कारण त्यात बसलेल्या प्रथिनांना हलायचं, फिरायचं असतं. नागपूरच्या थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं आणि शेंगदाण्याचं तेल पातळच राहतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. खोबरेलाच्या मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात, त्या एकमेकींना चिकटून बसतात. शेंगदाणा तेलाच्या बऱ्याच साखळ्यांत बाक असतो, म्हणून त्या तशा बसत नाहीत. पेशीपटलालाही हाच नियम लागू आहे. थंडीत ते गोठू पाहतं, उष्णतेत फार पातळ होतं.

उष्णतेने पटल ‘वितळून फाटतं’ असं बरेचदा वाचायला मिळतं. फाटण्याच्या कितीतरी आधी ते गळायला लागतं, आणि पेशी मरते ती या गळतीने.

गळतं काय? प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित आयन. पेशी सतत प्रोटॉन बाहेर ढकलत असते आणि बाहेर त्यांचा साठा करते. मग ते एका प्रथिनाच्या वाटेने परत आत येतात, येताना ते प्रथिन अक्षरशः चाकासारखं फिरतं आणि त्या फिरण्यावर एटीपी, म्हणजे पेशीचं चलनी इंधन, तयार होतं. कोयनेसारखं धरण डोळ्यांसमोर आणा. भिंतीमागे पाणी, खाली टर्बाइन. भिंतीलाच जागोजागी पाझर फुटले तर टर्बाइनला पाणी पुरणार नाही, आणि वर पंप लावून पाणी चढवत राहण्यातच सगळी वीज खर्ची पडेल. तापलेल्या पटलाचं हेच होतं. रेणू जोरजोरात हलतात, त्यांच्यात क्षणभर फटी पडतात, प्रोटॉन त्यातून निसटतात.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात वेगवेगळ्या तापमानांना राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या पटलांची गळती मोजली. प्रत्येक जीव आपापल्या राहत्या तापमानाला तपासला तर बहुतेकांची गळती जवळपास सारखीच निघाली. थंडीतला असो वा उष्णतेतला, जो तो आपलं पटल ‘चालेल इतपतच’ गळेल असं जुळवून घेतो. काही उष्णताप्रिय बॅक्टेरियांना ते जमत नाही. त्यांनी प्रोटॉनचा नाद सोडून सोडियमचे आयन वापरायला सुरुवात केली, कारण सोडियम पटलातून त्या मानाने फार कमी निसटतो.

## साबण आणि जोड

आर्कियाच्या लिपिडमध्ये पहिला फरक आहे जोडाचा. तुमच्या-माझ्या आणि बॅक्टेरियाच्या लिपिडमध्ये शेपटी ग्लिसरॉलला (म्हणजे ग्लिसरीनला) ‘एस्टर’ जोडाने बांधलेली असते, आर्कियात ‘ईथर’ जोडाने.

एस्टर जोड किती कच्चा असतो ते साबण करणाऱ्यांना विचारावं. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून ढवळलं की तेलाचे एस्टर जोड तुटतात, मेदाम्लं सुटी होतात, त्यांचाच साबण होतो आणि ग्लिसरीन बाजूला निघतं. एस्टरमध्ये जोडाच्या ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनवर आणखी एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने बसलेला असतो. तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो, म्हणून तो कार्बन उघडा पडतो आणि पाण्याला किंवा अल्कलीला हल्ला करायला जागा मिळते. ईथरमध्ये हा दुसरा ऑक्सिजन नसतोच. दोन कार्बनांमध्ये एक ऑक्सिजन, बस्स. आर्कियाच्या लिपिडचा कॉस्टिक सोड्याने साबण होत नाही. प्रयोगशाळेत गाळातले आर्किया ओळखायला याच गुणाचा उपयोग होतो.

तापमान दर दहा अंशांनी चढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकणारा जोड शंभर अंशांवर, त्यातून आम्लात, किती टिकेल याचा हिशोब यावरून करता येतो.

आणखी एक फरक ओझरता सांगतो. आर्कियाच्या लिपिडचं ग्लिसरॉल आपल्या ग्लिसरॉलची आरशातली प्रतिमा आहे, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखी. वंशावळीच्या दृष्टीने हे मोठं कोडं आहे, पण उष्णतेत टिकण्याशी त्याचा थेट संबंध दिसत नाही.

## बाभळीची मोळी

दुसरा फरक शेपट्यांचा. आपल्या लिपिडच्या शेपट्या साधारण १६ ते १८ कार्बनच्या सरळ साखळ्या असतात. आर्कियाची शेपटी आयसोप्रीन या पाच कार्बनी तुकड्यांपासून बनते. नैसर्गिक रबर आणि गाजरातलं कॅरोटीन ज्या घटकापासून बनतं तोच हा. असे चार तुकडे जोडले की वीस कार्बनची शेपटी होते: १६ कार्बनचा कणा आणि त्यावर दर चौथ्या कार्बनला एक, असे चार छोटे फाटे.

हे फाटे दोन कामं करतात, आणि ती वरवर पाहता एकमेकांच्या विरुद्ध आहेत. सरळ काठ्यांची मोळी बांधली तर काठ्या घट्ट बसतात, पण एखादी काठी ओढली की सुळकन निघते. बाभळीच्या काटेरी फांद्यांची मोळी कितीही आवळा, पोकळच राहते. मात्र तिच्यातली एक फांदी ओढायला गेलात तर ती बाकीच्यांत अडकते.

आर्कियाच्या शेपट्या तशाच. फाट्यांमुळे त्या शिस्तीत रचल्या जात नाहीत, म्हणून थंडीत गोठत नाहीत. आणि फाट्यांमुळेच त्यांना मोकळेपणी वळवळता येत नाही, म्हणून उष्णतेत फटी पडायचं प्रमाण कमी राहतं. या लिपिडचं पटल शून्यापासून शंभर अंशांपर्यंत प्रवाही अवस्थेत राहू शकतं. सरळ साखळीच्या एखाद्या लिपिडला एवढा मोठा पल्ला झेपत नाही. त्यामुळे बॅक्टेरियाला ऋतू बदलला की शेपट्यांची लांबी आणि बाक सतत बदलत राहावं लागतं.

## गोधडीचा टाका

तिसरा फरक सर्वांत मोठा. दोन पातळ कापडं नुसती एकावर एक ठेवली तर ती सरकतात, फुगतात, अलग होतात. गोधडी शिवणारी बाई त्यांच्यातून आरपार धावदोरा घालते आणि जुनेराचे थर एकजीव होतात.

अनेक उष्णताप्रिय आर्किया पटलाचे दोन थर असेच जोडून घेतात. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन लिपिडच्या शेपट्यांची टोकं एकमेकींना पक्की जोडली जातात. वीस आणि वीस मिळून चाळीस कार्बनची अखंड साखळी, अशा दोन साखळ्या, आणि दोन्ही टोकांना एकेक ग्लिसरॉल. चार ईथर जोड असलेला हा रेणू म्हणजे टेट्राईथर. एकच रेणू पटलाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पोचतो. दोन थर उरतच नाहीत, मग अलग कोण होणार? गोधडीत दोरा आणि कापड वेगळे असतात, इथे तोच दोरा नि तेच कापड, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे उपमा चालते.

याचा पुरावा डोळ्यांनी दिसतो. पेशी झटकन गोठवून फोडली तर साधं पटल मधोमध, दोन थरांच्या सांध्यावर उकलतं, जशा दोन चिकटलेल्या पोळ्या सुटाव्यात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पटलाचा अंतर्भाग पाहण्याची ही नेहमीची रीत आहे. टेट्राईथर भरपूर असलेल्या पटलात ही युक्ती चालत नाही. सांधाच नसल्यामुळे भेग पटलाला आडवी कापून जाते.

शेपट्यांची ही टोकं रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी निष्क्रिय असतात, पकडायला काही हँडलच नाही. तरीही ती जोडणारं एन्झाइम कोणतं, हे कित्येक दशकं गूढ होतं. ‘टेस’ नावाचं ते एन्झाइम २०२२ मध्ये ओळखलं गेलं. ते एका टोकावरचा हायड्रोजन उपटून अत्यंत क्रियाशील मूलक, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन उरलेला तुकडा, तयार करतं आणि मग जोड घडवतं.

यावर आणखी एक बारकाई आहे. या लांब साखळ्यांत पाच कार्बनची छोटी कडी घालता येतात, एका रेणूत शून्यापासून आठपर्यंत. कडी आली की साखळी त्या जागी वळायची थांबते, शेजारच्या साखळ्या अधिक जवळ येतात आणि पटल दाट होतं. तापमान वाढलं की आर्किया कड्यांची संख्या वाढवतात. ‘सल्फोलोबस ॲसिडोकॅल्डेरियस’ हा अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गंधकी झऱ्यांतला जीव, थॉमस ब्रॉक यांनी १९७२ मध्ये वर्णन केलेला. त्याच्यात कडी घालणारी दोन प्रथिनं २०१९ मध्ये सापडली. हा जीव ७५ ते ८० अंशांवर आणि दोन ते तीन पीएचच्या आम्लात राहतो, पण पेशीच्या आतला पीएच साडेसहाच्या आसपास असतो. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा एकाने उतरला की प्रोटॉन दहापट. म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त प्रोटॉन, आणि मध्ये फक्त हे पटल.

‘थर्मोप्लाझ्मा ॲसिडोफिलम’ तर याच्याही पुढचा. आपोआप तापलेल्या कोळशाच्या ढिगात १९७० मध्ये सापडलेल्या या जीवाला पेशीभित्तिकाच नाही. ५९ अंश, पीएच दोन, आणि अंगावर पटलाखेरीज काही नाही. टेट्राईथरच्या ताकदीचा याहून उघडा दाखला मला माहीत नाही.

## थंडी वाढली की?

एकच जीव आपलं पटल बदलतोही. समुद्रतळावरचा ‘मेथॅनोकॅल्डोकॉकस जनाशाय’ ४७ अंशांवर वाढवला तर त्याच्या पटलात सुमारे ८० टक्के साधे, न जोडलेले लिपिड असतात. ७५ अंशांवर ते २० टक्क्यांच्या आसपास उतरतात आणि त्यांची जागा जोडलेल्या रेणूंनी घेतलेली असते. थंडी पडली की टाके उसवायचे, ऊन पडलं की घालायचे, असा हा प्रकार. प्रत्यक्षात जुने टाके उसवले जात नाहीत, नवीन पेशी वेगळ्या घडणीच्या होतात.

अंटार्क्टिकातल्या एस सरोवराच्या तळाशी पाणी कायम एक-दोन अंशांवर असतं. तिथला ‘मेथॅनोकॉकॉइडिस बर्टोनाय’ शेपट्यांत दुहेरी बंध ठेवतो, तेलात असतात तसे, आणि थंडी वाढेल तसे जास्त ठेवतो. फाटे पुरत नाहीत तिथे बाक मदतीला येतो.

## ‘पण’ने सुरू होणारे प्रश्न

पाणी १०० अंशांवर उकळतं, मग १२२ अंशांवर जीव राहतो कसा? कुकरसारखाच. कैरेई क्षेत्र समुद्रसपाटीखाली सुमारे अडीच किलोमीटरवर आहे आणि तिथल्या दाबाखाली पाणी उकळत नाही. १२२ अंशांचा विक्रम प्रयोगशाळेत सुमारे २०० वातावरणांच्या दाबाखाली झाला. चार वातावरणांच्या दाबाला त्याच जीवाची मजल ११६ अंशांपर्यंतच गेली.

स्ट्रेन १२१ दवाखान्यात शिरला तर? त्याला वाढायला ८५ अंशांच्या वरचं तापमान लागतं आणि श्वसनाला लोह. आपल्या शरीरात त्याला थंडीच वाजेल. माणसाला रोग देणारा आर्किया अजून एकही निःसंशय सिद्ध झालेला नाही. ऑटोक्लेव्हवरचा विश्वास उडू देऊ नका.

उष्णतेत राहायला टेट्राईथर हवेतच का? या प्रश्नापाशी गोधडीची गोष्ट अपुरी पडते. जपानमधल्या एका बेटाजवळच्या समुद्रात सापडलेला ‘एरोपायरम पर्निक्स’ ९० अंशांच्या वर मजेत वाढतो आणि त्याच्या पटलात एकही टेट्राईथर नाही. त्याने शेपट्याच पाच कार्बनने लांबवल्या आहेत, २५ कार्बनच्या. विक्रमवीर मेथॅनोपायरसच्या पटलातही मुख्यत्वे न जोडलेलेच लिपिड आहेत. काही जीव दोन थरांच्या मधोमध स्क्वालेनसारखे डोकं नसलेले तेलकट रेणू घालतात, जसा गोधडीत मऊ चिंध्यांचा थर. थर्मोटोगासारख्या काही उष्णताप्रिय बॅक्टेरियांनी तर स्वतंत्रपणे आरपार जाणारे लिपिड आणि थोडे ईथर जोड कमावले आहेत. गळती रोखायच्या वाटा अनेक आहेत, गळती रोखणं मात्र कुणालाच टळत नाही.

ही घडण मुळात उष्णतेसाठीच झाली का? तसं ठामपणे म्हणता येत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून वेगळा केलेला ‘नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस’ २८ अंशांच्या कोमट पाण्यात राहतो, त्याचे भाईबंद थंड खोल समुद्रात असतात, आणि त्या सगळ्यांकडे टेट्राईथर आहेत. डेव्हिड व्हॅलेंटाइन यांनी २००७ मध्ये मांडलेला विचार मला जास्त पटतो: आर्कियाची खासियत आहे ऊर्जेच्या टंचाईत तग धरणं. ज्याच्या धरणात थेंब थेंब पाणी येतं त्याला पाझर परवडत नाही, मग ऊन असो वा थंडी.

आणि पटल घट्ट झालं म्हणजे सगळं झालं का? नाही. १२० अंशांवर प्रथिनं उलगडतात, एटीपीसारखे रेणू फार लवकर तुटतात. ती दुरुस्ती वेगळी यंत्रणा करते. ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ई. कोलाय या साध्या बॅक्टेरियाच्या पटलात ३० टक्क्यांपर्यंत आर्कियाचे लिपिड तयार करवून दाखवले. तो जगला, काही ताण थोडे जास्त सहन करू लागला, पण उकळत्या पाण्याचा रहिवासी झाला नाही.

## गाळातला थर्मामीटर

तापमानानुसार कड्यांची संख्या बदलते, या गोष्टीचा अनपेक्षित उपयोग हवामानाच्या अभ्यासात झाला. समुद्रातले आर्किया मरून तळाशी बसतात. त्यांची प्रथिनं, डीएनए सगळं नष्ट होतं, पण ईथर जोडाचे लिपिड कोट्यवधी वर्षं गाळात टिकतात. गाळाचा नमुना काढायचा, त्यातले लिपिड विद्रावकात उतरवायचे, कड्यांच्या संख्येनुसार वेगळे करून प्रत्येकाचं प्रमाण मोजायचं. जास्त कड्यांचे रेणू जितके अधिक, तितकं तेव्हाचं पाणी उबदार. नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटावरच्या सागर संशोधन संस्थेत २००२ मध्ये तयार झालेल्या या मापनाला ‘टेक्स-८६’ म्हणतात. ८६ म्हणजे रेणूतल्या कार्बनांची संख्या: दोन चाळिशी साखळ्या आणि तीन-तीन कार्बनची दोन ग्लिसरॉल.

२००४ मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या लोमोनोसोव्ह पर्वतरांगेवर समुद्रतळाला भोक पाडून काढलेल्या गाळावर हे मापन लावलं. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी आर्क्टिक समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी सुमारे १८ अंशांवरून २३ अंशांच्याही वर गेलं होतं, असं उत्तर आलं. आज जिथे बर्फ तरंगतो तिथे.

हा आकडा डोळे झाकून घेण्याचा नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या आर्कियांत असं दिसलं आहे की प्राणवायू कमी पडला किंवा अमोनिया वापरण्याचा वेग बदलला तरी कड्यांची संख्या बदलते, तापमान तेच असताना. नदीने जमिनीवरची माती आणून टाकली असेल तर तिच्यातलेही लिपिड मिसळतात. म्हणून टेक्स-८६ चं उत्तर शंख-शिंपल्यांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांशी आणि शेवाळाच्या लिपिडशी ताडून पाहतात, आणि तिन्ही जुळली तर त्या आकड्यावरचा भरवसा वाढतो.